चंपाचं बाळंतपण

कागदावर डुकराइतकं गुणी जनावर दुसरं नाही. गाय नऊ महिने वाट बघायला लावते आणि एक वासरू देते. म्हैस दहा महिने घेते, आणि एवढं करून होतो तो रेडाच. डुकरीण ११४ दिवसांत विते, वेताला आठ-दहा पिल्लं देते आणि वर्षातून दोनदा देते. बँकेत असताना वराहपालनाच्या कर्जाचे इतके प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले की तो तक्ता मी झोपेतही म्हणून दाखवला असता: माद्या इतक्या, पिल्लं इतकी, मरतुक दहा टक्के, निव्वळ नफा अमुक. मरतुकीच्या रकान्यात सगळे दहाच लिहीत. ते दहा आले कुठून, मेलेल्या पिल्लांना झालं काय होतं, हे मी एकाही अर्जदाराला कधी विचारलं नाही. माझं काम बेरीज तपासायचं, आणि बेरीज नेहमी बरोबर असे.

निवृत्त झाल्यावर माणसं चारधाम करतात. मी एक्सेल उघडलं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नर पाळणाऱ्याला भांडवली खर्चाच्या निम्मं, ३० लाखांपर्यंत अनुदान आहे. एवढी उडी नको म्हणून मी चार माद्यांपासून सुरुवात करायचं ठरवलं. बायकोचं मत एकाही मादीपासून सुरुवात करू नये असं होतं. आमच्या घरात अंडं येतं तेसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या दाराने. अशा घरातल्या माणसाने डुकरं पाळायची म्हटल्यावर गावाला बोलायला विषय मिळाला. शेजाऱ्यांनी तर आडून आडून चौकशी केली, "पेन्शन वेळेवर येतं ना?"

पण आमचं गाव सावंतवाडीहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. पलीकडे पोर्कला कायम गिऱ्हाईक, आणि फेस्ताला, लग्नाला अख्खं पिल्लू भाजून त्याचं लैतांव करतात. मागणी होती, जागा होती, तक्ता पाठ होता. डुकराची माहिती तेवढी नव्हती.

ती होती मावशींकडे. वाडीच्या टोकाला त्यांचं घर, आणि त्यांच्या सासूच्या आधीपासून त्या घरात डुकरं. मी त्यांना मदतीला ठेवलं असं माझ्या जमाखर्चाच्या वहीत लिहिलंय. मदतनीस नेमका कोण होता, हे वहीबाहेर सगळ्यांना माहीत होतं. त्या मला "सायबानू" म्हणत, आणि त्या हाकेत आदर किती नि कीव किती याचा हिशोब मला कधी लागला नाही.

चार तरुण माद्या आणल्या, व्हाइट यॉर्कशायर. तिघींना नंबर दिले. चौथीने पहिल्याच दिवशी माझ्या हातातली वही खाल्ली, म्हणून तिचं नाव चंपा ठेवलं. कागदोपत्री ती मादी क्रमांक ३.

पहिला पराक्रम मक्याचा. पावसाळ्यात एका ठिकाणी मका फारच स्वस्त मिळाला. थोडा कुबट वास येत होता, पण डुकराला कसला आलाय वास, असं म्हणून मी टेम्पो भरून आणला. थोड्याच दिवसांत चौघींचेही मागचे भाग लाल होऊन सुजले. मी पुस्तक उघडून लक्षणं ताडून पाहिली आणि हर्षभराने जाहीर केलं, "चौघी एकदम माजावर!" नर भाड्याने आणला. तो टेम्पोतून ऐटीत उतरला, चौघींना एकेकदा हुंगून आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशी कुंपणापाशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. डॉक्टर आले तेव्हा माद्यांकडे बघायच्या आधी त्यांनी मका मुठीत घेऊन हुंगला. त्या मक्यावरच्या बुरशीत झिअरॅलेनोन नावाचं विष असतं, ते मादीच्या शरीरात जाऊन स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करतं. गाईगुरांना ते बरंच पचतं, डुकराला अजिबात नाही. म्हणजे माझ्या माद्यांना माज नव्हता, विषबाधा होती. नराला ते कळलं होतं. नराचं भाडं परत मिळालं नाही.

पुढे माज खरा आला, तो मावशींनी ओळखला. पाठीवर दोन्ही हात दाबले की खऱ्या माजावरची मादी कान टवकारून जागच्या जागी खांबासारखी उभी राहते. मी दाबून पाहिलं तेव्हा चंपा चालायला लागली आणि मीही तिच्याबरोबर गोठाभर चाललो. मावशींनी दाबल्यावर ती उभी राहिली. असो. चंपा गाभण राहिली, आणि तिच्या आगेमागेच क्रमांक २.

नेमकं त्याच सुमारास पुण्याला सूनबाईंनाही दिवस गेले. घरात एकदम दोन गरोदरपणं आली. एकीपर्यंत माझा हात पोचत नव्हता. तिचं हवं-नको बघायला तिचे आईवडील, नवरा, दोन डॉक्टर आणि एक डाएटिशियन होते. माझी सगळी माया चंपाकडे वळली.

पुस्तकात लिहिलं होतं, गर्भातली पिल्लं सगळ्यात जास्त वाढतात ती शेवटच्या महिन्यात. या वाक्याखाली मी लाल रेघ मारली. पुढचं वाक्य होतं की म्हणून खाद्य 'थोडं' वाढवावं. त्याखाली मारली नाही. गाभण डुकरिणीला दिवसाला दोन ते अडीच किलो खाद्य पुष्कळ होतं. मी मक्याचा भरडा, शेंगपेंड, वर गूळ, असं ती खाईल तितकं घालत होतो. अडचण एवढीच की डुकरीण पुरे म्हणत नाही. मला वाटे तिला डोहाळे लागलेत.

आणि मग लाडू आले. बायकोने सुनेसाठी डिंकाचे लाडू केले होते: घरचं तूप, खारीक, खोबरं, गोडंबी, सगळं हात सैल सोडून. डबा पुण्याला गेला आणि त्याच ट्रॅव्हल्सने परत आला. सुनेची साखर थोडी वाढली होती, डाएटिशियनने लाडवांचं नावही काढायचं नाही असं सांगितलं होतं. बायको दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग डबा फडताळात ठेवता ठेवता म्हणाली, "वाया जाण्यापेक्षा कुणा गरोदर बाईच्या मुखी लागले असते तर समाधान झालं असतं."

गावात तेव्हा गरोदर अशी एकच होती.

मी रोज संध्याकाळी शर्टाच्या खिशातून दोन लाडू नेत असे. चंपाला माझ्या पावलांचा आवाज ओळखू यायला लागला. तिचं अंग तुकतुकीत दिसू लागलं, गळ्याखाली वळ्या पडल्या. मी मनात म्हणायचो, बाळसं धरलंय. मावशींच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. एकदा त्यांनी दावणीत खोबऱ्याचा तुकडा पाहिला.

"लाडू कोणी घातल्यान हिका?"

मी गप्प.

"सायबानू, ही डुकरीण आसा, तुमची सून न्हय."

हे वाक्य मी तेव्हा गांभीर्याने घेतलं असतं तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं. पण मावशींचं शिक्षण चौथी आणि माझं बी.कॉम. शिवाय सीएआयआयबी.

डॉक्टरांना मात्र बोलावलं. त्यांनी चंपाच्या कमरेवर तळहात दाबला. गाभण डुकरिणीचं कमरेचं हाड जरा जोर दिला की हाताला लागलं पाहिजे. त्यांनी दोन्ही हातांनी जोर दिला, हाड काही भेटलं नाही. कागदावर भराभरा पथ्य लिहून दिलं. तो कागद मी खिशात ठेवला. त्याच खिशात सकाळी आणलेला दुसरा कागद होता. विहीणबाईंना कोकणातल्या एका वैद्यांचं गरोदरपणाचं पथ्य हवं होतं, ते मी मुद्दाम जाऊन लिहून आणलं होतं. संध्याकाळी चष्मा न लावता त्याचा फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.

"दोन वेळा मिळून सव्वादोन किलो, वर नाही. कोंडा आणि हिरवा पाला वाढवा. तूप, गूळ, लाडू ताबडतोब बंद. रोज मोकळं फिरवा. पाणी मुबलक, वीस लिटर, नळाची धार तपासा. पोट साफ होतं का रोज बघावे, लेंड्या कडक दिसल्यास फोन करा. अंगावर चरबी फार झाली आहे, विताना जड जाईल."

विहीणबाईंचं उत्तर लगेच आलं. "अगदी शास्त्रशुद्ध! आमच्या डाएटिशियनही हेच म्हणतात. फक्त वीस लिटर जरा जास्त वाटतं." त्यावर व्याह्यांचा अंगठा. मग चुलतभावाचे जोडलेले हात. मुलाने पंधरा मिनिटांनी लिहिलं, "बाबा, वर डाव्या कोपऱ्यात मादी क्र. ३ लिहिलंय." त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. सूनबाई खमकी. त्या रात्री तिने फोन केला तो "मादी क्रमांक ३ बोलतेय" अशी सुरुवात करून, आणि अजूनही तशीच करते. पण विहीणबाई पुढे महिनाभर माझ्या कुठल्याच शुभसकाळीला उत्तर देईनात. त्या लाजेपायी तो कागद मी कपाटात कुलूपबंद केला. पथ्यही त्याच्याबरोबर कुलूपबंद झालं. लाडू तेवढे बंद केले, तेही डबा संपला म्हणून.

या सगळ्या काळात क्रमांक २ कडे माझं लक्ष नव्हतं, हे तिचं नशीब. तिचं सगळं मावशी बघत. गव्हाचा कोंडा, खोबऱ्याची पेंड बेताने, रताळ्याचे वेल, परसातला भोपळा. दिवसा तिला मागच्या कुंपणात सोडून देत, ती तांबड्या मातीत नाक खुपसून हिंडायची. चंपापुढे ती मला कुपोषित वाटे. मावशींना न दुखवता हे कसं सांगावं, याचा मी विचार करत होतो.

विण्याची तारीख जवळ आली. एका जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की विण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावं. योगायोगाने त्या दिवशी एकादशी होती. इतके महिने पंचपक्वान्नं खाल्लेल्या चंपाला ऐन वेळी मी निर्जळी घडवली. निर्जळी ठरवून नव्हे. तिच्या खोलीतल्या नळाची धार करंगळीएवढी होती, आणि धार तपासा हे वाक्य कपाटात होतं.

दुपारी ती घर बांधायला लागली. हे दृश्य बघण्यासारखं असतं. सिमेंटच्या खोलीत जन्मलेली, कधी रान न पाहिलेली मादी विण्याआधी पेंढा तोंडात धरून ओढते, एका कोपऱ्यात रचते, पुढच्या पायांनी चापते, परत विस्कटते. पेंढा संपल्यावर तिने गोणपाट घेतलं, मग दाराला टांगलेली माझी छत्री. कळा सुरू झाल्या आणि पहिलं पिल्लू आलं तेव्हा अंधार पडला होता. मी वहीत वेळ लिहिली. साधारण पाव तासाला एक अशा बेताने पिल्लं यायला हवीत. दुसरं यायला तासाच्या वर गेला. मग चंपा नुसती पडून राहिली. थकली होती. मध्यरात्र उलटली, मी वहीत तास लिहीत होतो, मावशी कंदील घेऊन आल्या. तिच्या पोटावर हात फिरवून मग त्यांनी कोपऱ्यातल्या लेंड्यांना काठी लावून पाहिली. काठीचा आवाज झाला.

"पाणी घाला आधी. मगे लिवा."

पहाटेपर्यंत बाळंतपण चाललं. शेवटी आलेली पिल्लं मेलेली होती. वेळ लांबला की नाळेतून मिळणारा प्राणवायू तुटतो आणि मागे राहिलेली गुदमरतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१८ साली हेच नोंदवलंय: शेवटच्या खाण्यानंतर तीनेक तासांच्या आत कळा सुरू झालेल्या डुकरिणी लवकर मोकळ्या झाल्या, मेलेली पिल्लं कमी निघाली, माणसाची मदत कमी लागली. उपाशी पोटी कळा द्यायला अंगात साखर उरत नाही. आणि डुकराला एकादशीचं पुण्य लागतं, असं कुठल्या शास्त्रात नाही.

जी जिवंत होती ती भुकेने ओरडत होती. चंपाच्या कासेला हात लावला तर गरम, दगडासारखी कडक; दूध नाही, अंगात ताप. पिल्लांनी सडाकडे तोंड नेलं की ती पोट खाली घालून पडे. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली आणि मला बाहेर पायरीवर बसवून जे सांगितलं ते असं. पोट साफ नसलं की आतड्यात मळ साचून राहतो, तिथल्या जिवाणूंचं विष रक्तात उतरतं, आणि बाळंतिणीचं दूध आटायला तेवढं पुरतं. कोंड्यातला जो चोथा डुकरिणीला पचत नाही तो तिच्या मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न असतो. त्याने पोट भरल्यासारखं वाटतं, मळ मऊ राहतो, आतडं निरोगी राहतं. युरोपात गाभण डुकरिणीला असं चोथ्याचं खाद्य द्यायचंच, असा नियमच आहे.

"साहेब, तुम्ही तिला खाऊ घातलं. पोसलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांची फी मी निमूटपणे दिली.

मग त्यांनी चिकाचं सांगितलं, आणि तिथे माझी सून आणि चंपा यांच्यातला खरा फरक निघाला. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची थोडी शिबंदी आईच्या पोटातच, वारेतून मिळते. डुकराच्या वारेतून यातलं काहीच पलीकडे जात नाही. पिल्लू जन्मतं ते कोऱ्या अंगाने. त्याची सगळी ताकद आईच्या चिकात, आणि तो चीक आतड्यातून रक्तात शोषला जातो तो जेमतेम पहिला दिवस. पुढे आतड्याची ती दारं बंद होतात. दर पिल्लामागे अडीचशे ग्रॅम तरी चीक पोटात जायला हवा. गाईच्या चिकाचा खरवस करून खाणाऱ्या आमच्या घराण्यात हा विचार आजवर कोणाच्या मनाला शिवला नव्हता.

चीक होता शेजारच्या खोलीत. क्रमांक २ संध्याकाळीच व्याली होती. कधी, ते माझ्या वहीत नाही. मी चंपाच्या दारात बसलो होतो. मावशी जाऊन बघून आल्या होत्या: पिल्लं सुकी, आई उठून पाणी प्यायलेली, सगळी आटोपलेली. आता त्यांनी खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं आणि तिच्या मागे बसल्या. डुकरिणीचं दूध गाईसारखं केव्हाही पिळून निघत नाही. आधी पिल्लं कास ढुसतात, आई एका लयीत घुरघुरायला लागते, ती लय वाढत वाढत जाते, आणि मग पंधरा-वीस सेकंद दूध सुटतं. तेवढ्यात ज्याने प्यायलं त्याने प्यायलं. पुढची पाळी पाऊण-एक तासाने. मावशी नुसत्या घुरघुर ऐकत होत्या. लय वाढली तशी त्यांनी एका सडाखाली टोपण धरलं, आणि दाट पिवळसर चीक टोपणात उतरला. टोपण माझ्या हातात दिलं, परत दुसरं. मी सिरिंजने एकेका पिल्लाच्या जिभेवर थेंब थेंब सोडत होतो. सव्वा किलोचं पिल्लू तळहातावर मावतं. त्याचं अंग थंड, दात मात्र सुईसारखे, जन्मतःच आठ. माझ्या अंगठ्यावर त्यातल्या चारांची खूण अजून आहे.

दोन सशक्त पिल्लं मावशींनी क्रमांक २ च्या पिल्लांत मिसळून दिली. बाकीच्यांना पेंढ्यात, बल्बखाली ठेवलं. नव्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते आणि आईला वीस-बावीसच्या वर गेलं की धाप लागते, त्यामुळे एकाच खोलीत दोन ऋतू ठेवावे लागतात. चंपाचं दूध तिसऱ्या दिवशी थोडं थोडं उतरायला लागलं. तोवर तिच्या पिल्लांना पांढरी हगवण लागली होती.

मी तडक औषधाच्या दुकानात गेलो. कोंबडीवाले पूर्वी वापरत ते कोलिस्टिन मागितलं. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, चुकून काही भलतंच मागितलं. माणसाच्या दवाखान्यात सगळी औषधं हरतात तेव्हा राखून ठेवलेलं हे औषध, म्हणून सरकारने २०१९ साली खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना ते द्यायला बंदी घातली आहे. डॉक्टर फोनवर म्हणाले, युरोपात आईपासून तोडलेल्या पिल्लांना हगवण होऊ नये म्हणून खाद्यातून झिंक ऑक्साइडचा मोठा डोस द्यायचे, २०२२ च्या जूनपासून तोही बंद झाला. आता तिथले लोकही पिल्लांचं पोट सुधारायला परत आईच्या दावणीकडे वळलेत. "तुम्ही क्षारपाणी द्या, कोरडं ठेवा, ऊब द्या. आणि आईला कोंडा घाला."

मावशी तेव्हा खोलीच्या दारात उभ्या होत्या. फोन स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या, "आवशीचां पोट बरां नाय, तर पोरांचां खयसून बरां आसतलां?"

डॉक्टर पलीकडून म्हणाले, "कोण बोललं? बरोबर बोलताहेत."

माझा आणखी एक उद्योग तेव्हाच उघडकीला आला. क्रमांक २ च्या खोलीत कोपऱ्यात मला दोनदा तांबड्या मातीचा ढीग दिसला होता. स्वच्छतेच्या नावाखाली दोन्ही वेळा तो मी झाडून काढला आणि फिनेल मारलं. चंपाच्या खोलीत तर दिवसातून तीनदा फिनेल. आमचं घराणं सोवळ्याचं.

"माती भायर काढल्यात? कित्याक?"

डुकरिणीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि पिल्लू इतक्या झपाट्याने वाढतं की आठवडाभरात पांढरंफटक पडतं. रानात ते मातीतून लोह मिळवतं. सिमेंटवर जन्मलेल्याला ते कोण देणार? म्हणून तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन देतात. मावशींच्या सासूबाई मूठभर तांबडी माती टाकत. मी काय केलं होतं? चंपाला लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या पाजल्या होत्या, की ते दुधात उतरेल. आईला कितीही लोह पाजा, दुधात उतरत नाही. ते सगळं तिच्या विष्ठेतून बाहेर पडत होतं आणि मी फिनेल टाकून धुऊन काढत होतो. फिनेल विण्याआधी, खोली रिकामी असताना, हे बरोबर. नंतर पिल्लं आईच्या अंगावरून, सडांवरून, तिच्या विष्ठेतूनसुद्धा आपले पहिले जिवाणू उचलतात, आणि त्यांच्या आतड्याची वस्ती तिथून सुरू होते. आई निरोगी असेल तर ते बी चांगलं असतं. वासाने ओकारी आली तरी ते मला मान्य करावं लागलं.

बायकोला लाडवांचं कळलं ते डॉक्टरांकडून. ते सहज बोलून गेले, "वहिनी, लाडू उत्तम झाले होते म्हणे." तिने मला काही विचारलं नाही. त्या रात्री माझ्या ताटात गव्हाच्या कोंड्याची भाकरी होती, आणि दुसऱ्या दिवशीही.

तेव्हाच्या वेतात क्रमांक २ ची सगळी पिल्लं वाचली, चंपाची निम्मी गेली. मरतुक किती टक्के झाली ते मी एक्सेलमध्ये भरलं नाही. दोन जनावरांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशींना काही सिद्ध करायचं नव्हतं. पुढच्या वेताला चंपाही त्यांच्याकडे गेली. लाडू नाही, सव्वादोन किलो मोजून, वर वेल आणि पाला, कुंपणात हिंडणं, नळाला मिनिटाला दोन लिटर धार. व्यायच्या दिवशी थोडं थोडं तीन वेळा खायला दिलं. मी खोलीत यायचं नाही, ही अट मावशींची. ती मी पाळली, फक्त खिडकीतून बघितलं. सगळं दिवसाउजेडी आटोपलं. दूध भरपूर होतं, आणि चौथ्या दिवसापर्यंत प्रत्येक पिल्लाने आपापला सड वाटून घेतला होता. हगवण लागली ती एकाला, दोन दिवस. सुनेलाही मुलगी झाली. तिच्या डाएटिशियनचा कागद विहीणबाईंनी नीट जपून ठेवला होता.

तर वाचकहो, पिल्लं विकाऊ आहेत. व्हाइट यॉर्कशायर, आठ आठवड्यांची, लोहाचं इंजेक्शन दिलेली, पोट खणखणीत. घ्यायला याल तेव्हा आधी आईला बघा, तिच्या कमरेला हात लावून बघा, दावण बघा, नळ सोडून बघा. भाव मावशी सांगतील.